लहान मुलांसोबत डोंगरभटकंती: वाट निवडण्यापासून परतीपर्यंत

मुलांसोबतची डोंगरभटकंती फसते ती बहुतेक वेळा घरीच, वाट निवडताना. नकाशावर सहा किलोमीटर दिसतात, मोठी माणसं मनातल्या मनात दोन तास धरतात, आणि भर दुपारी सात वर्षांचं मूल चढाच्या मध्यावर बसकण मारतं. त्यात मुलाचा दोष नसतो. डोंगरात अंतर तासांत मोजायचं असतं, आणि तेही सगळ्यांत लहान पायांच्या हिशेबाने.

हा हिशेब करायची रीत जुनी आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपा नियम मांडला. मेट्रिक मापांत तो असा: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे ६ किलोमीटर लांबीच्या आणि एकूण ३०० मीटर चढाच्या वाटेला ७२ अधिक ३०, अशी १०२ मिनिटं लागतात. पण हे धडधाकट मोठ्या माणसाने न थांबता चालण्याचं गणित झालं. सोबत पाच ते आठ वर्षांची मुलं असतील तर त्याची दुप्पट करा, म्हणजे जवळपास साडेतीन तास. वर खाण्याचा, विसाव्याचा आणि दगड-किडे बघण्याचा एक तास धरा. हे साडेचार तास हाताशी नसतील तर छोटी वाट निवडा.

ढोबळ अंदाज हवा असेल तर तीन-चार वर्षांच्या मुलाला दोन-तीन किलोमीटर पुरे. पाच ते सात वर्षांचं मूल चार ते सहा किलोमीटर आणि २०० ते ३०० मीटर चढ आनंदाने करतं. आठच्या पुढची, चालायची सवय असलेली मुलं आठ-दहा किलोमीटर जातात. पहिल्याच वेळी मात्र या आकड्यांच्या निम्म्यावर थांबा. मूल ‘अजून चालूया’ म्हणत परत आलं, तर पुढच्या वेळी ते स्वतःहून बूट तयार ठेवतं.

एकूण चढ कळला तरी तो कुठे आणि किती तीव्र आहे हे कळायला हवं. त्यासाठी नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघायच्या. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशात ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. दोन रेषांमधला फरक १० मीटरचा असेल (नकाशाच्या कोपऱ्यात तो दिलेला असतो) आणि वाट ओलांडत असलेल्या रेषा एकमेकींपासून ४ मिलिमीटरवर असतील, तर १०० मीटर चालल्यावर १० मीटर उंची वाढते. मुलं असा चढ गप्पा मारत चढतात. अंतर २ मिलिमीटरवर आलं की धाप लागते. रेषा मिलिमीटरभर अंतरावर दाटलेल्या असतील तर चढ ४० टक्क्यांचा आहे. तिथे चढताना मुलांना कधी हात टेकावे लागतात आणि उतरताना तर त्याहून जास्त त्रास होतो. असा टप्पा वाटेवर असेलच तर तो सुरुवातीला, ताज्या पायांनी आणि चढून जायचा येईल अशा दिशेने फेरी घ्या.

फेरीचा आकारही महत्त्वाचा. मोठ्या वर्तुळाकार वाटेत एक अडचण असते: निम्म्यावर पोहोचलं की मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब पडतं. म्हणून मधूनच खाली उतरता येईल अशी एखादी जोडवाट असलेली फेरी निवडा. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, दोन लहान फेऱ्यांची वाट सगळ्यांत चांगली. पहिली फेरी झाली की मुलांचा दम बघून दुसरी ठरवता येते. गेलेल्या वाटेनेच परत यायचं असेल तर परत फिरण्याची वेळ घरीच ठरवा आणि सगळ्यांना सांगून ठेवा. ती वेळ झाली की माथा दहा मिनिटांवर असला तरी फिरायचं. सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी गाडीजवळ पोहोचायचं, असा हिशेब ठेवा. गर्द झाडीत आणि डोंगराच्या सावलीतल्या दरीत अंधार बराच आधी दाटतो.

आता बूट, कारण पाय दुखायला लागला की बाकी कशाचाच उपयोग नाही. बुटाच्या आतला पातळ तळ (इनसोल) बाहेर काढा, त्यावर मुलाला मोजे घालून उभं करा आणि सगळ्यांत लांब बोटापुढे एक ते दीड सेंटिमीटर जागा राहते का ते पाहा. जागा कमी असेल तर उतारावर पाय पुढे सरकतो, बोटं बुटावर आपटतात आणि नखं काळी पडतात. जास्त असेल तर टाच वरखाली घासून फोड येतो. ‘वाढत्या पायाचे’ म्हणून दोन माप मोठे बूट घेणं डोंगरात महागात पडतं. निघण्याच्या आदल्या दिवशी नखं कापा. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक हवेत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, आणि ओली कातडी लवकर सोलते. ‘इथे घासतंय’ असं मूल म्हणालं की त्याच जागी थांबा, पाय पुसून कोरडा करा आणि लाल झालेल्या जागेवर सुरकुती न पडू देता चिकटपट्टी लावा. पुढच्या वळणापर्यंत जायला लावलं, तर तेवढ्यातही फोड येऊ शकतो. छोटा फोड फोडू नका.

मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त ओझं नको. वीस किलोच्या मुलाला दोन किलो ही कमाल मर्यादा झाली. त्याची पाण्याची छोटी बाटली, वाऱ्याचं जाकीट आणि शिटी एवढंच त्याच्याकडे द्या. पाणी मोठ्या माणसाला तासाला अर्धा लिटर आणि मुलाला पाव लिटर धरा. उन्हात दीडपट लागतं. तहान लागण्याची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाजा. खाऊ एकदम न देता थोडा-थोडा, दर पाऊण तासाने द्या. किरकिर सुरू झाली की आधी भूक, तहान, थंडी तपासा, मग समजूत घाला.

पाठीवरच्या कॅरिअरमधल्या बाळाची काळजी वेगळी. वाहणारा घामाने भिजलेला असतो, पण बाळ हलत नाही आणि गारठतं. त्याचे लोंबते पाय वरचेवर हाताने चाचपून बघा आणि मधूनमधून त्याला खाली उतरवून हालचाल करू द्या. कॅरिअरमध्ये बसवण्याआधी बाळाला मान सावरता यायला हवी आणि आधाराशिवाय बसता यायला हवं. शिवाय झाडाच्या फांदीखालून जाताना आपण वाकलो तरी बाळाचं डोकं आपल्याहून वर असतं, हे विसरू नका.

चालण्याचा वेग सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा. एक मोठं माणूस पुढे, एक सर्वांत मागे, आणि ज्याची दमछाक होते ते मूल पुढच्या माणसाच्या लगेच मागे. त्याला शेवटी ठेवलं तर ते पोहोचेपर्यंत बाकीचे विसावा घेऊन उठलेले असतात, त्याला विसावा मिळतच नाही. चढताना बोलता येईल एवढाच वेग ठेवा. आडव्या वाटेवर मोठ्या माणसाने दरीच्या बाजूला राहावं. झाडांवर आणि दगडांवर रंगवलेल्या वाटेच्या खुणा शोधायचं काम मुलांकडे द्या. त्यांना ते मनापासून आवडतं आणि चूक लवकर पकडली जाते. दहा मिनिटं खूण दिसली नाही तर अंदाजाने पुढे न जाता शेवटच्या खुणेपर्यंत मागे या.

वळणावळणाची वाट सोडून सरळ खाली उतरायचा मोह मुलांना होतोच. त्यांना कारण सांगा: अशा आडवाटेवरचं गवत तुडवलं जातं, पावसाचं पाणी तिथून सरळ धावतं आणि दोन-तीन वर्षांत तिथे घळ पडते. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी वाटेपासून हातभर अंतरावरही असू शकतात. कुंपणाचं फाटक जसं होतं तसंच ठेवा, उघडं असेल तर उघडं. शौचासाठी पाण्यापासून ६० मीटर दूर जा, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा, आणि कागद पिशवीत घालून परत आणा.

हवामानाचा अंदाज पायथ्याच्या गावाचा न घेता माथ्याचा घ्या. दर १,००० मीटरला हवा सरासरी ६.५ अंशांनी गार होते, वारा असला की थंडी आणखी बोचते. जाकीट थांबल्याबरोबर घाला, थंडी वाजू लागेपर्यंत थांबू नका. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. दर ३ सेकंदांना १ किलोमीटर. आकडा तिसाच्या आत असेल तर माथा, उघडी सोंड (डोंगराची उतरती धार) आणि एकटं झाड सोडून खाली उतरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका.

निघण्यापूर्वी वाहनाजवळ मुलांचा एक फोटो काढा. कोणी हरवलंच तर कोणत्या रंगाचे कपडे होते ते आठवत बसावं लागत नाही. मुलांना एवढंच शिकवा: एकटं पडलात तर जवळच्या झाडाला धरून तिथेच थांबा आणि शिटी वाजवा. मदतीचा आंतरराष्ट्रीय डोंगरी संकेत मिनिटाला सहा शिट्या, मग एक मिनिट शांतता असा आहे. उत्तर मिनिटाला तीन शिट्यांनी येतं. पाचेक वर्षांच्या मुलाने मोजलं नाही तरी चालेल, थांबून-थांबून वाजवली तरी पुरे. खेळ म्हणून शिटी वाजवायची नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

पडझड जास्त होते ती उतारावर, कारण पाय दमलेले असतात आणि लक्ष गाडीकडे लागलेलं असतं. उतरायला लागण्याआधी दहा मिनिटं बसा, काहीतरी खा आणि प्रत्येकाच्या बुटाची नाडी घोट्याजवळ आवळून पुन्हा बांधा. पावलं छोटी, गुडघे थोडे वाकलेले, पळायचं नाही. घसाऱ्यावर आणि ओल्या मुळांवर मोठं माणूस मुलाच्या खालच्या बाजूला हवं. मुलाचा हात खांद्याच्या वर ओढून धरू नका. त्याचा तोल जातोच, शिवाय अचानक हिसका बसला तर लहान मुलाचं कोपर निखळू शकतं.

घरी आल्यावर अंघोळीआधी गोचिडी शोधा: गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कानांमागे, केसांच्या कडेला. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ वर, सावकाश ओढा. तेल लावू नका, चटका देऊ नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा दिसला किंवा ताप आला, तर ती तारीख घेऊन डॉक्टरांकडे जा.