जागतिकीकरणाचा एखाद्या देशावरील परिणाम कसा अभ्यासावा: बांगलादेशातील तयार कपड्यांच्या आधारे

जागतिकीकरण चांगले की वाईट, या प्रश्नापासून सुरुवात केली की अभ्यास बहुधा तिथेच अडकतो. स्पर्धा परीक्षेची उत्तरपत्रिका असो वा महाविद्यालयातील प्रकल्प, फायदे आणि तोटे असे दोन रकाने आखले जातात आणि ते कोणत्याही देशाला लागू पडतील इतके मोघम राहतात. त्याऐवजी एक देश आणि एक वस्तू निवडावी, त्या वस्तूचा कच्च्या मालापासून दुकानापर्यंतचा प्रवास शोधावा आणि प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न विचारावेत: येथील निर्णय कोण घेतो, आणि तो चुकला तर नुकसान कोण सोसतो? ही पद्धत कशी वापरायची हे दाखवण्यासाठी येथे बांगलादेशातील तयार कपड्यांचा व्यवसाय घेतला आहे.

सर्वप्रथम नियम आणि त्यांच्या तारखा लिहून काढाव्यात, कारण बाजार आपोआप खुला होत नसतो. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कापड व कपड्यांच्या आयातीवर देशनिहाय कोटा लावला होता. दक्षिण कोरियाच्या कंपन्यांना ही मर्यादा जाचू लागली, तर बांगलादेशावर तेव्हा तशी मर्यादा नव्हती. म्हणून देवू या कोरियन कंपनीने देश गारमेंट्स या बांगलादेशी कंपनीशी करार केला आणि १९७९ मध्ये सुमारे १३० जणांना प्रशिक्षणासाठी कोरियात नेले. त्यांतील बरेच जण पुढे बाहेर पडले आणि त्यांनी इतर कारखाने उभे केले. सरकारने आयात केलेले कापड निर्यातीसाठी शुल्क न भरता साठवण्याची सोय दिली, आणि परदेशी ग्राहकाच्या पतपत्राच्या (बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीच्या) आधारावर कापड उधारीवर मागवण्याची मुभाही दिली. स्वस्त मजुरी त्या देशात आधीही होती. व्यवसाय उभा राहिला तो या नियमांमुळे. त्यामुळे केवळ मजुरीचे कारण देणारे स्पष्टीकरण अपुरे समजावे.

तारखांच्या याच यादीत अंदाज आणि प्रत्यक्ष घटना शेजारी शेजारी ठेवाव्यात. १ जानेवारी २००५ रोजी कोटा पद्धत संपली, तेव्हा चीनपुढे बांगलादेश टिकणार नाही असे अनेकांनी म्हटले होते. प्रत्यक्षात निर्यात वाढत गेली. बांगलादेशासह सर्वांत कमी विकसित देशांना युरोपीय संघाने २००१ पासून दिलेला शुल्कमुक्त प्रवेश आणि पुढे चीनमध्ये वाढलेली मजुरी, ही त्यामागची दोन मोठी कारणे होत.

आर्थिक परिणाम मोजताना एकूण निर्यातीच्या आकड्यावर थांबू नये. बांगलादेशाच्या वस्तुनिर्यातीत कपड्यांचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे, परंतु त्या देशात कापूस फारच थोडा पिकतो. रुई, सूत आणि कापड मोठ्या प्रमाणावर बाहेरून येते आणि त्यात भारताचाही वाटा आहे. म्हणून आलेल्या डॉलरमधून बाहेर गेलेले डॉलर वजा करावेत आणि मगच देशात काय उरले ते पाहावे. त्यानंतर देण्याघेण्याचा क्रम तपासावा. कारखानदार कापड स्वतःच्या जबाबदारीवर घेतो, मजुरी देतो, आणि ग्राहक कंपनीकडून पैसे बहुधा माल रवाना झाल्यावर मिळतात. २०२० मध्ये युरोप-अमेरिकेतील दुकाने बंद झाली, तेव्हा ३०० कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या ऑर्डर रद्द किंवा स्थगित झाल्याचे बांगलादेशातील कारखानदारांच्या संघटनेने सांगितले. निर्णय परदेशातील मुख्यालयात झाला, आणि पगार थकला तो ढाक्याजवळच्या शिलाई कामगारांचा.

सामाजिक परिणामांत श्रेय वाटताना घाई करू नये. कपड्यांच्या कारखान्यांमुळे लाखो स्त्रियांना प्रथमच स्वतःच्या हातात पगार मिळाला, आणि कारखान्यांजवळच्या गावांची दूरच्या गावांशी तुलना करणाऱ्या संशोधकांना मुली अधिक काळ शाळेत राहतात व उशिरा लग्न करतात असे आढळले. मात्र माध्यमिक शाळेतील मुलींसाठी १९९४ पासून देशभर शिष्यवृत्ती होती आणि स्वयंसेवी संस्थांचे कामही जुने होते. तुलना नसेल तर सगळे श्रेय कारखान्यांना देऊ नये.

राजकीय परिणाम सर्वांत शेवटी आणि थोडक्यात उरकण्याची सवय आहे. माझ्या मते सर्वाधिक वेळ येथे द्यावा. त्यासाठी एकच घटना तपशिलाने वाचावी. २३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा या आठमजली इमारतीला तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली. वरच्या मजल्यांवरील शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले, आणि पगार बुडण्याच्या भीतीने ते आत गेले. २४ एप्रिलला सकाळी इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मेली. बँकेचे कर्मचारी घरी राहू शकले आणि शिलाई कामगार राहू शकले नाहीत, हा फरक नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. तो फरक इमारतीच्या बांधकामाचा नव्हता. मालाच्या तारखा पाळण्याचा दबाव होता, कामगारांच्या संघटना दुबळ्या होत्या, आणि ज्या संसदेने त्यांना संरक्षण द्यायचे त्या संसदेत अनेक कारखानदार स्वतः बसलेले होते.

त्यानंतर काय बदलले हे पाहताना घोषणा आणि परिणाम वेगळे करावेत. जून २०१३ मध्ये अमेरिकेने बांगलादेशाची व्यापारसवलत स्थगित केली, पण त्या सवलतीत तयार कपडे जवळजवळ नव्हतेच. म्हणजे ज्या उद्योगासाठी शिक्षा होती त्याला तिची झळ फारशी लागली नाही. याउलट युरोपीय कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यातील सुरक्षा करार कायदेशीर बंधनाचा होता, आणि त्यामुळे दीड हजारांहून अधिक कारखान्यांची तपासणी होऊन दुरुस्त्या झाल्या. मजुरीचा प्रश्न तरीही सुटला नाही. २०२३ मध्ये किमान वेतन महिना ८,००० वरून १२,५०० टका (बांगलादेशाचे चलन) झाले, संघटनांची मागणी २३,००० ची होती, आणि त्या आंदोलनात कामगारांचे प्राण गेले.

शेवटी वस्तूच्या साखळीत आपला प्रदेश कोठे येतो हे शोधावे. कापूस पिकवणाऱ्या महाराष्ट्रासाठी बांगलादेशातील सूतगिरण्यांची मागणी महत्त्वाची आहे. वरूड-मोर्शीच्या संत्रा उत्पादकांना तर ढाक्यातील एका निर्णयाची किंमत थेट मोजावी लागली: बांगलादेशाने संत्र्यांवरील आयात शुल्क वाढवत नेले आणि निर्यात घसरून बागेतला भाव पडला. आपल्या टिपणात हाही टप्पा नोंदवावा आणि तेथेही तेच दोन प्रश्न विचारावेत. संयुक्त राष्ट्रांच्या सर्वांत कमी विकसित देशांच्या यादीतून बांगलादेशाने बाहेर पडण्यासाठी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवण्यात आली होती. त्या बदलाबरोबर शुल्कमुक्त प्रवेशाचे नियम कोणत्या बाजारपेठेत, कधी आणि कोणत्या अटींवर बदलतात, याची नोंद नियमांच्या यादीत पुढे करत राहावी.