चित्रपुस्तकांतून देणे आणि राखणे शिकवताना या चुका टाळा

वाटून खावे, हे मुलांच्या तोंडी फार लवकर येते आणि हाती मात्र उशिरा उतरते. ३ ते ८ वर्षांच्या मुलांवरील एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात अगदी लहान मुलांनीही स्टिकर सारखे वाटले पाहिजेत असेच सांगितले, पण प्रत्यक्ष वाटणीची वेळ आली तेव्हा स्वतःकडे जास्त ठेवले; बोलणे आणि करणे यांचा मेळ बसला तो सात-आठ वर्षांच्या वयात. म्हणूनच गोष्ट संपताक्षणी ‘आता तुझे खडू दे बरे भावाला’ असे म्हणणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. असे दोन-तीनदा झाले की पुस्तक उघडले म्हणजे आपले काहीतरी जाणार, हे मूल ओळखते आणि पुस्तकच नको म्हणू लागते. तसे होत असेल, तर काही दिवस त्या गोष्टीनंतर काहीही मागू नये.

दुसरी चूक पुस्तकांच्या निवडीत असते. सर्वस्व देणाऱ्यांच्याच गोष्टी वाचल्या, तर स्वतःसाठी राखणे म्हणजे वाईटपणा, असा अर्थ मूल काढते. शेल सिल्व्हरस्टीन यांच्या १९६४ सालच्या ‘द गिव्हिंग ट्री’मधील झाड फळे, फांद्या आणि शेवटी खोडही देते व त्याचा बुंधा तेवढा उरतो. खोड गेल्यावर ते आनंदी होते, पण खरे तर नव्हते, असे लेखकाने स्वतःच लिहिले आहे. मोठ्याने वाचणारे पालक नेमके हेच वाक्य घाईने ओलांडतात. तेथे थांबावे आणि झाडाला आता कसे वाटत असेल, एवढेच विचारावे.

मार्कुस फिस्टर यांच्या १९९२ सालच्या इंद्रधनुषी माशाच्या पुस्तकातही अशी जागा आहे. चमचमणारे खवले वाटून टाकल्यावरच इतर मासे त्याच्याशी मैत्री करतात. त्याचा पहिला नकार तुसडा होता हे खरे, परंतु अंगावरचा खवला मागणे योग्य होते का, हा प्रश्नही मुलासमोर यायलाच हवा.

या बाबतीत आपल्या चिऊकाऊच्या गोष्टीला तोड नाही, असे माझे ठाम मत आहे. चिऊताई स्वार्थी दिसते म्हणून अलीकडे काही पालक ही गोष्ट टाळतात किंवा तिच्याकडून चटकन दार उघडवून घेतात. हीदेखील चूकच आहे. काऊचे शेणाचे घर पावसात वाहून गेले आहे, तो भिजत बाहेर उभा आहे; आत चिऊताई बाळाला न्हाऊ घालते, पुसते, तीट लावते. चित्रात दाराच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात, आणि सांगण्यात जे सहज निसटते ते येथे डोळ्यांसमोर राहते. बाळाचे आधी करणे हा स्वार्थ आहे का? मग तीट लावेपर्यंत काऊला भिजत ठेवणे? पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘हो’ म्हणणारे चार वर्षांचे मूल गरज आणि टाळाटाळ यांतील फरक ओळखू लागलेले असते. त्याचे उत्तर आपल्या मनासारखे नसले, तरी ते दुरुस्त करू नये.

सगळा अर्थ आपणच सांगून टाकण्याचा मोहही आवरावा. पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की, जे पालक चित्रातील पात्रांच्या भावना स्वतः न सांगता मुलाला ओळखायला व उलगडायला लावत होते, त्यांची लहानगी अधिक तत्परतेने मदत करत व वाटून घेत होती. प्राण्यांच्या गोष्टींवरच विसंबणेही पुरेसे नाही. टोरंटोतील एका प्रयोगात ४ ते ६ वर्षांच्या मुलांपैकी ज्यांनी माणसांची पात्रे असलेली गोष्ट ऐकली, त्यांनी नंतर जास्त स्टिकर दिले. तीच गोष्ट कपडे घातलेल्या प्राण्यांची करून ऐकवली, तेव्हा तसे झाले नाही. चिऊकाऊसोबत माधुरी पुरंदरे यांच्या राधा आणि यशच्या पुस्तकांसारखी, घरातली माणसे दाखवणारी पुस्तकेही जवळ असावीत.

‘तू ताई आहेस ना, मग तूच दे’ या वाक्यासाठी पुस्तकाचा दाखला देणे मात्र पूर्णपणे थांबवावे. त्यातून मोठ्या मुलीला आपल्या वस्तूंवर आपला हक्कच नाही असे वाटते, आणि धाकट्याला रडले की मिळते हे कळते. पाहुणी मुले येण्यापूर्वी कोणती खेळणी बाहेर ठेवायची आणि कोणती कपाटात, हे तिलाच ठरवू द्यावे. जे बाहेर ठेवले, ते ती बहुधा कुरकुर न करता खेळायला देते.

याउलट, मैत्री तुटेल या भीतीने डब्यातला सगळा खाऊ देऊन उपाशी परतणारे मूलही असते आणि त्याच्या शांतपणामुळे ते आपल्या लक्षात येत नाही. त्याला दानशूरांच्या गोष्टी आणखी वाचून दाखवू नयेत. चमचमत्या माशाचेच पान उघडून, खवला न देता तो काय म्हणू शकला असता, हे त्याच्याकडून वदवून घ्यावे. ‘हे माझे आहे, माझे खेळून झाले की देईन’ इतके साधे वाक्य पुरते. मूल ते पहिल्यांदा बहुधा घरातल्याच कुणाला तरी ऐकवेल. तेव्हा त्याला उद्धट ठरवू नये, आणि त्याचे होईपर्यंत खरोखरच थांबावे.