गारवेलीच्या पानांतली नागमोडी रेघ

पुण्यात आमच्या गच्चीवरच्या निळ्या गारवेलीची पाने श्रावणात कागदासारखी पांढुरकी पडू लागली, तेव्हा ती बुरशी समजून मी दोन आठवडे कडुनिंबाचे तेल फवारले, पण काहीच फरक पडला नाही. शेवटी एक पान उलटून भिंगाखाली धरले. खालच्या बाजूला विरळ रेशमी धाग्यांत विष्ठेचे काळे कण अडकून लोंबत होते, आणि ही बेडेलिया सोम्न्युलेंटेला या पतंगाची हमखास खूण आहे. कीटकशास्त्रज्ञ झेलर यांनी १८४७ मध्ये वर्णन केलेला हा पतंग पंख पसरूनही जेमतेम एक सेंटिमीटर भरतो. त्याची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला हिरवा गर खाते, आधी नागमोडी रेघ आणि मग मोठा डाग पाडते, आणि शेवटी कोश न विणता पानाखाली धाग्यांवरच टांगून राहते. अळी आत असल्यामुळे तेल तिला फारसे लागत नव्हते.

मग फवारणी थांबवली. डागाळलेली पाने दर दोन दिवसांनी खुडून घट्ट बांधलेल्या पिशवीत भरली, खतात टाकली नाहीत. रताळ्याच्या कुंडीतही तीच अळी सापडली. तिथेही तेच केले. तीन आठवड्यांत नवी पालवी स्वच्छ आली.