अलंकार ओळखावा कसा : ‘मन वढाय वढाय’च्या आधाराने

अलंकारांच्या व्याख्या तोंडपाठ असतात, पण समोर आलेल्या ओळीत कोणता अलंकार आहे हे काही सांगता येत नाही, ही तक्रार शालान्त परीक्षेच्या विद्यार्थ्यांपासून स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांपर्यंत अनेकांकडून ऐकू येते. याचे एक कारण असे की पाठ्यपुस्तकातील उदाहरण त्या व्याख्येसाठीच वेचून काढलेले असते, आणि प्रत्यक्ष कवितेत मात्र अलंकार एकमेकांना लागून, कधी एकमेकांत मिसळून येतात. म्हणून येथे सुट्या उदाहरणांऐवजी मुख्यतः एकच कविता घेतली आहे : बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची ‘मन वढाय वढाय’ (वढाय म्हणजे ओढाळ). बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली. काव्यशास्त्राचे एकही पुस्तक न उघडलेल्या या कवयित्रीच्या छोट्याशा कवितेत अर्धा डझन अर्थालंकार सहज सापडतात.

पहिले काम म्हणजे शब्दालंकार आणि अर्थालंकार वेगळे करणे. यासाठी जुन्या काव्यशास्त्रातील कसोटी अजूनही सर्वांत भरवशाची आहे : महत्त्वाचा शब्द काढून त्याच्या जागी समानार्थी शब्द घालावा. सौंदर्य नाहीसे झाले तर तो शब्दालंकार, टिकले तर अर्थालंकार. ‘मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही?’ या वाक्यात ‘मित्र’च्या जागी ‘सखा’ घातला की ‘मित्र’चा ‘सूर्य’ हा दुसरा अर्थ निघून जातो आणि श्लेष, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ निघण्याचा अलंकार, संपतो. याउलट ‘मन पाखरू पाखरू’ या ओळीत ‘पाखरू’ऐवजी ‘पक्षी’ घातला तर लय बिघडेल, पण मन आणि पक्षी यांचे नाते तसेच राहील. या कवितेतील ‘तंतर’ आणि ‘मंतर’ यांचा शेवटचा मेळ किंवा ‘वारा वाहादन’मधील ‘व’ची पुनरावृत्ती हे शब्दांचे काम आहे. शब्दालंकार कानाला लगेच कळतात, त्यामुळे त्यांवर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

खरी अडचण साम्यावर उभ्या असलेल्या अर्थालंकारांत येते. तेथे चार घटक शोधावे लागतात : ज्याचे वर्णन चालले आहे ते उपमेय, ज्याच्याशी तुलना केली ते उपमान, दोघांत सारखा असलेला गुण म्हणजे साधारण धर्म, आणि तुलना दाखवणारा साम्यवाचक शब्द. हे घटक अंदाजाने न ठरवता व्याकरणाच्या आधारे ठरवावेत, असा माझा आग्रह आहे. दुसरे कडवे पाहा :

मन मोकाट मोकाट
त्याले ठायी ठायी वाटा
जशा वाऱ्यानं चालल्या
पान्यावरल्या रे लाटा

‘जशा’ हा साम्यवाचक शब्द दिसताच बहुतेक जण ‘उपमा’ असे लिहून पुढे ‘मन उपमेय, लाटा उपमान’ अशी नोंद करतात. अलंकाराचे नाव बरोबर आहे, पण उपमेय चुकले आहे. मन नपुंसकलिंगी एकवचनी आहे. त्याच्याशी जुळवायचे तर ‘जसं’ आले असते. ‘जशा’ हे स्त्रीलिंगी अनेकवचन ‘लाटा’शी जुळते आणि ‘वाटा’शीही. म्हणजे येथे मनाच्या वाटांना लाटांची उपमा दिली आहे, आणि साधारण धर्म आहे ठायी ठायी फुटणे व कोणत्याही दिशेला निघून जाणे. एवढे नेमके पाहिले की ओळीचा अर्थही बदलतो : लाटांवर जशी कायमची वाट पडत नाही, तशी मनाचीही ठरलेली वाट नाही.

आता पहिले कडवे. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’. येथे ‘जसे’, ‘सारखे’, ‘परी’, ‘समान’ यांपैकी काहीही नाही. मन आणि ढोर ही दोन नामे एकाच विभक्तीत शेजारी ठेवली आहेत. मन म्हणजेच ढोर. उपमेय आणि उपमान यांच्यात असा अभेद मानला की रूपक होते. शिवाय रूपक एका शब्दावर थांबलेले नाही, कारण ‘किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर’ या पुढच्या ओळींत हाकणे आणि पुन्हा पिकात शिरणे या ढोराच्याच क्रिया मनावर घातल्या आहेत. ‘मन पाखरू पाखरू’ हेही रूपकच, आणि ‘तठे व्हयीसनी ईज’ या ओळीत मन वीज ‘होऊन’ धरतीवर येते, तेव्हा अभेदाचा उच्चार क्रियापदानेच केला आहे.

पाखराच्याच कल्पनेवर एक सराव करून पाहावा. तो व्याख्यांच्या दहा वाचनांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. ‘मन पाखरासारखे चंचल आहे’ ही उपमा. ‘मन जणू पाखरूच’ असे म्हटले की साम्य सांगण्याऐवजी संभावना, म्हणजे ते पाखरूच असावे अशी कल्पना, केली जाते, ती उत्प्रेक्षा. ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’, ‘भासे’ हे तिचे नेहमीचे शब्द. ‘मन हे पाखरू’ म्हणजे रूपक. ‘हे मन नव्हे, पाखरू आहे’ असे उपमेय नाकारून उपमानाची स्थापना केली की अपन्हुती. ‘हे मन म्हणावे की पाखरू?’ हा ससंदेह. भ्रांतिमान होण्यासाठी मात्र नुसता भ्रम पुरत नाही. त्या भ्रमातून काही कृती घडावी, अशी अपेक्षा आपली पाठ्यपुस्तके ठेवतात. मनाला पाखरू समजून कोणी दाणे टाकू लागला, तर ती अट पुरी होते.

उपमान मागे पडून उपमेय वरचढ ठरले की व्यतिरेक. नामदेवांच्या ‘अमृताहुनी गोड नाम तुझे देवा’ या ओळीत ‘-हुनी’ हा प्रत्ययच त्याची खूण देतो. बहिणाबाईंच्या चौथ्या कडव्यात अशी खूण नाही :

मन जह्यरी जह्यरी
याचं न्यारं रे तंतर
अरे, इचू साप बरा
त्याले उतारे मंतर

विंचवा-सापाच्या विषाला मंत्राचा उतारा तरी आहे. मनाच्या विषाला तो नाही. हे दुसरे वाक्य कवितेत उच्चारलेलेच नाही, ‘बरा’ या एका विशेषणातून ते आपण समजून घेतो. व्यतिरेकात उपमेय श्रेष्ठ असते, असे पाठ करणाऱ्याचा येथे गोंधळ होतो, कारण मन कोणत्याही चांगल्या अर्थाने श्रेष्ठ नाही. ज्या गुणाची तुलना चालली आहे त्या गुणात, म्हणजे जहरीपणात, ते पुढे गेले आहे इतकेच, आणि अलंकाराला तेवढे पुरते.

साम्यवाचक शब्द हा माग आहे, पुरावा नव्हे, हे दुसऱ्या बाजूनेही लक्षात ठेवावे. ‘तो सारखा बोलतो’ या वाक्यात ‘सारखा’ म्हणजे सतत. ‘जसा आला तसा गेला’ यात उपमा नाही. ‘मुलगा उंचीने वडिलांसारखा आहे’ ही तर निव्वळ माहिती; कल्पनेचा चमत्कार नसेल तेथे चारही घटक हाती लागले तरी अलंकार म्हणू नये. दृष्टान्तात साम्यवाचक शब्द नसूनही साम्य असते. तुकोबांच्या ‘लहानपण देगा देवा । मुंगी साखरेचा रवा’ या चरणांत मागणी आणि मुंगीचा दाखला नुसते शेजारी उभे आहेत. त्यांतील नाते वाचकाने जोडायचे असते. दाखल्याऐवजी सर्वसामान्य सिद्धान्त आला, तर तो अर्थान्तरन्यास. रघुनाथ पंडितांच्या नल-दमयंतीच्या आख्यानात नळ राजाने हंस पकडताच बाकीचे पक्षी पळून जातात आणि श्लोक ‘कठिण समय येता कोण कामास येतो’ या सार्वत्रिक विधानावर संपतो. दाखला विशेष आहे की सिद्धान्त सामान्य आहे, एवढा प्रश्न विचारला की या दोहोंची गल्लत सहसा होत नाही.

कवितेच्या शेवटाकडे ‘आसं नही दुनियात’ अशी ओळ येते. तिला अनन्वय म्हणण्याचा मोह होतो. मी म्हणणार नाही. अनन्वयात उपमेयाला उपमेयाचीच उपमा दिलेली असते, मोरोपंतांच्या ‘झाले बहु, होतिल बहु, आहेतहि बहु, परंतु या सम हा’ या ओळीत ‘या सम हा’ अशी ती स्पष्ट आहे. येथे मनासारखे दुसरे काही नाही एवढेच म्हटले आहे, ‘मन मनासारखेच’ असे म्हटलेले नाही. शेवटच्या कडव्यात देवाला जागेपणी स्वप्न पडल्याचा प्रश्न आहे, तो विरोधाभास : जागेपण आणि स्वप्न वरवर एकमेकांना छेद देतात, पण मन ही देवाची अजब कल्पना आहे असा अर्थ लावला की विरोध मिटतो.

एका कडव्यात दोन अलंकार आले, तर उत्तर कसे लिहावे हा प्रश्न उरतो. ‘मन एव्हडं एव्हडं, जसा खाकसचा दाना’ (खसखशीचा दाणा) ही उपमा, आणि त्याच कडव्यातील ‘आभायात बी मायेना’ (आभाळातही मावत नाही) ही अतिशयोक्ती. तीळ आणि तांदूळ मिसळले तरी वेगळे निवडता येतात, तसे हे दोन अलंकार वेगळे दाखवता येतात. अशा मिश्रणाला संसृष्टी म्हणतात. दूध आणि पाण्यासारखे एकजीव झालेले मिश्रण म्हणजे संकर. परीक्षेत एकच नाव विचारले असेल, तर प्रश्नात नेमकी कोणती ओळ दिली आहे ते पाहून तिच्यापुरते नाव द्यावे, त्याखाली उपमेय, उपमान आणि साधारण धर्म कवितेतील शब्दांतच लिहावेत, आणि साम्यवाचक शब्द नसेल तेथे तो नाही, असे स्वच्छ नोंदवावे.