विस्टेरिया बोन्साय: येत्या बहराची फुले आधीच्या हंगामात ठरतात

पानगळ पूर्ण होऊन गेली आहे आणि डोळे अजून फुगू लागलेले नाहीत, अशा अवस्थेत विस्टेरियाची वेल असेल तर बोन्साय करणाऱ्या नवशिक्याने कात्री हातात घेण्यापूर्वी काडीवरचे डोळे, म्हणजे न उमललेले अंकुर, नीट पाहावेत. जाड, गोलसर आणि बोथट टोकाचा डोळा फुलाचा असतो, तर बारीक, निमुळता आणि काडीला चिकटून बसलेला डोळा पानाचा असतो. हा फरक एकदा ओळखता आला की येत्या बहरात किती घोस लागतील याचा अंदाज आत्ताच बांधता येतो, कारण ते डोळे मागच्या हंगामात, पाने हिरवीगार असतानाच तयार झालेले असतात. द्राक्षाचा घड ज्याप्रमाणे आधीच्या वाढीत काडीच्या डोळ्यात बसलेला असतो, तसेच येथेही आहे. त्यामुळे फुले आली नाहीत म्हणून बहराच्या तोंडावर खत ओतण्याचा काहीच उपयोग होत नाही, उलट त्याने पुढच्या वर्षाचीही फुले जातात.

या सल्ल्यात महिन्यांची नावे मुद्दामच दिलेली नाहीत. ही वेल निरनिराळ्या हवामानांत लावली जाते आणि उत्तर व दक्षिण गोलार्धांत तिचे ऋतू उलटे असतात, म्हणून कामे वेलीच्या अवस्थेवर ठरवावीत: डोळे फुगणे, फुलोरा, फुलोऱ्यानंतरची जोमदार वाढ, पानगळ आणि विश्रांती. यांपैकी विश्रांती खरी हवी. जेथे हिवाळ्यात पुरेसा गारठा पडत नाही तेथे वेल हिरवी राहील, वाढेलही, पण फुलांची आशा ठेवू नये. ज्यांच्याकडे असे हवामान आहे त्यांनी केवळ फुलांसाठी या वेलीवर दहा वर्षे खर्च करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रोप कोणते घ्यावे

विस्टेरिया ही शेंगावर्गातील वेल आहे. थॉमस नटॉल या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1818 मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ कॅस्पर विस्टर यांच्या स्मरणार्थ तिला हे नाव दिले. बोन्सायसाठी प्रामुख्याने चिनी आणि जपानी जाती वापरल्या जातात. वेटोळ्याची दिशा पाहिली की दोन्ही ओळखता येतात: वरून पाहिल्यास जपानी वेल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चढते आणि चिनी वेल उलट दिशेने. चिनी जातीचे घोस साधारण 15 ते 30 सेंटिमीटर लांब असतात, पाने फुटण्याआधी येतात आणि त्यांतील फुले जवळजवळ एकाच वेळी उमलतात. जपानी जातीचे घोस याहून लांब, काही वाणांत तर 1 मीटरपर्यंत लोंबणारे असतात आणि ते देठाकडून टोकाकडे क्रमाने उमलत जातात. मखमली पानांची आणखी एक जपानी जात आहे, तिचे घोस आखूड आणि भरगच्च असतात. कुंडीतील झाडाला ते प्रमाणात शोभतात, म्हणून ती मिळाल्यास नवशिक्याने तीच निवडावी.

जातीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असा की रोप कशापासून तयार झाले आहे. बियांपासून वाढवलेल्या रोपाला पहिले फूल येण्यास 10 ते 15 वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि ते फूल कसे असेल याचीही खात्री नसते. याउलट फुलणाऱ्या वेलीवरून घेतलेली गुटी (फांदीवरच मुळे फोडून केलेले रोप) किंवा कलम प्रौढ लाकडाचे असल्यामुळे काही थोड्या वर्षांतच फुलते. शक्य असल्यास रोप फुलोऱ्यात असतानाच विकत घ्यावे, म्हणजे ते फुलते की नाही याबद्दल कुणाच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही. कलमी रोपात जोडाची जागा पाहून घ्यावी. ती फुगीर आणि वेडीवाकडी असेल तर बोन्सायमध्ये आयुष्यभर डोळ्यांत खुपत राहते. जोडाच्या खालून, म्हणजे खुंटावरून (ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधले आहे त्यावरून), फुटणारे फुटवे दिसताच मुळापाशी काढून टाकावेत, अन्यथा खुंट वरच्या कलमाला मागे टाकतो.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे खोडाची जाडी. उथळ कुंडीत गेल्यावर विस्टेरियाचे खोड फारच सावकाश जाड होते, म्हणून हवी तेवढी जाडी आधीच मिळवावी लागते. जुन्या, फुलणाऱ्या वेलीच्या जाड फांदीवर गुटी बांधणे हा त्यासाठी आमच्या मते सर्वांत चांगला मार्ग आहे. पाने पूर्ण पसरल्यावर फांदीच्या जाडीच्या सुमारे दीडपट रुंदीची साल गोलाकार काढावी, खालचा हिरवट थर खरवडून टाकावा, वरच्या कडेला मुळे फुटण्याचे संजीवक लावावे आणि ओल्या स्फॅग्नम शेवाळाने वेढून प्लास्टिकने घट्ट बांधावे. जमिनीवर टेकलेली फांदी आपोआप मुळे धरते अशी ही वेल आहे, त्यामुळे गुटी सहसा फसत नाही. मात्र शेवाळ सुकू देऊ नये आणि मुळे प्लास्टिकमधून भरपूर दिसेपर्यंत फांदी तोडू नये. मुळे उशिरा फुटली असतील तर पुढच्या वर्षी डोळे फुगेपर्यंत थांबण्यात काही नुकसान नाही.

कुंडी, माती आणि मुळे

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सिएरा माद्रे येथे 1894 साली लावलेली चिनी विस्टेरियाची एक वेल जवळपास एक एकर क्षेत्रावर पसरली आहे. आपण कुंडीत बसवू पाहतो ती हीच वेल, हे लक्षात ठेवले तर पुढील सूचना जाचक वाटणार नाहीत. तिचे संयुक्त पान छाटणीने विशेष लहान होत नाही आणि घोस तर अजिबात आखडत नाहीत. म्हणून तळहातावर मावणाऱ्या बोन्सायचा विचार सोडून द्यावा. 60 ते 90 सेंटिमीटर उंचीचे, खोडाला थोडा कल असलेले किंवा फांद्या पुढे झुकलेले झाड या वेलीला शोभते. घोस मोकळे लोंबावेत यासाठी फांद्यांमध्ये अंतर हवे आणि खोडाची उंची घोसाच्या लांबीपेक्षा जास्त हवी. लांब घोसांची जपानी वेल बुटक्या खोडावर ठेवली तर फुले मातीत लोळतात.

कुंडी नेहमीच्या बोन्साय कुंडीपेक्षा खोल घ्यावी. मातीतून पाणी झटकन निथळले पाहिजे, पण ओलावा टिकलाही पाहिजे. दोन भाग अकादामा (दाणेदार जपानी माती) किंवा भाजक्या मातीचे चाळलेले दाणे, एक भाग प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी खडक) आणि एक भाग कुजलेले पालापाचोळ्याचे खत हे मिश्रण बहुतेक ठिकाणी चालते. मातीत चुना फार असेल तर शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते, तेव्हा चुनखडीयुक्त माती टाळावी.

कुंडी दर दोन-तीन वर्षांनी, डोळे नुकतेच फुगू लागताना बदलावी. या वेलीची मुळे मांसल आणि ठिसूळ असतात, त्यामुळे ती आकड्याने खेचून विंचरू नयेत, तर लाकडी काडीने हळूहळू मोकळी करावीत. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा अधिक मुळे काढू नयेत आणि सोटमूळ असेल तर ते दोन-तीन खेपांत आखूड करावे. मुळांवर बारीक गाठी दिसल्या तर तो रोग समजू नये. हवेतील नत्र बांधून ठेवणारे जिवाणू त्यांत राहतात. मुळांची मोठी छाटणी केली त्या वर्षी फुले कमी येण्याची किंवा गळण्याची शक्यता असते. बहर गमवायचा नसेल तर फुलोरा संपताच मुळांना फारसा धक्का न लावता कुंडी बदलावी. मुळांनी थोडी दाटलेली कुंडी फुलांना अनुकूलच असते, त्यामुळे दरवर्षी कुंडी बदलण्याचा उत्साह आवरावा.

फुलोऱ्यानंतरचे तीन-चार महिने

पुढच्या बहराचा निकाल याच काळात लागतो आणि नेमक्या याच काळात, फुले संपली म्हणून, बहुतेकांचे वेलीकडे दुर्लक्ष होते.

फुले कोमेजताच घोस देठासह काढावेत, म्हणजे शेंगा धरत नाहीत आणि वेलीची शक्ती वाचते. त्यानंतर लांब लवचीक फुटी सुटू लागतात. त्या लगेच कापू नयेत, वाढू द्याव्यात. फुलोरा संपून साधारण दोन महिने झाले की ज्या फुटी फांदी म्हणून ठेवायच्या नाहीत त्या पाच-सहा पानांवर छाटाव्यात. पुन्हा फुटलेली उपफूट एक-दोन पानांवर खुडावी. या छाटणीने काडीच्या बुडाकडील डोळ्यांना ऊन आणि अन्न मिळते आणि त्यांतून फुलांचे डोळे बनतात. पानगळीनंतर, म्हणजे आत्ता, त्याच काड्या दोन किंवा तीन डोळ्यांवर आणाव्यात. ज्यांनी मागच्या हंगामात पहिली छाटणी केली नसेल त्यांनी आता लांब काड्या सरसकट आखूड करू नयेत. जाड डोळे कुठे आहेत ते पाहून त्यांच्या पुढेच काप घ्यावा. झुडूप नीटनेटके दिसावे म्हणून सगळ्या काड्या सारख्या उंचीवर कापणारा माणूस पुष्कळदा वर्षभराची फुले एका सकाळी कचऱ्यात टाकतो.

पाण्याबाबत ही वेल इतर बोन्सायपेक्षा फार वेगळी आहे. वाढीच्या आणि उष्णतेच्या काळात तिला दिवसातून दोनदाही पाणी लागते. अनेक जण या दिवसांत कुंडी 2 ते 3 सेंटिमीटर पाण्याच्या उथळ तबकात ठेवतात आणि ते योग्यच आहे. एरवी बोन्सायला जी गोष्ट मारक ठरते ती येथे चालते. फुलांचे डोळे बनत असताना माती कोरडी पडली तर डोळे कमी बनतात किंवा बनलेले पुढे गळतात. मात्र पाने पिवळी पडू लागली की तबक काढून घ्यावे. विश्रांतीच्या काळात पाण्यात उभी राहिलेली मुळे कुजतात.

ऊन दिवसातून किमान सहा तास थेट मिळाले पाहिजे. सावलीत वेल जगते, पण फुलत नाही.

खताच्या बाबतीत नत्र हाच खरा शत्रू आहे. मुळांवरील गाठी काही नत्र पुरवतात, त्यात नत्रयुक्त खताची भर पडली की हातभर फुटी आणि गर्द पाने येतात, फुले नाहीत. फुलोरा संपल्यापासून सौम्य खत पंधरा दिवसांनी द्यावे आणि वाढ मंदावू लागताच स्फुरद व पालाश अधिक असलेल्या खताकडे वळावे. तथापि नत्राच्या भीतीने वेलीला उपाशी ठेवणेही चूक आहे, कारण कुंडीतील थोडी माती दर पाण्याबरोबर धुतली जात असते.

तार, जखमा आणि इतर काळजी

तार गुंडाळून वळण द्यायचे ते कोवळ्या, नुकत्याच लाकूड धरू लागलेल्या फुटींना द्यावे. जुनी फांदी ठिसूळ असते आणि दुमडताना अचानक तडकते. साल नाजूक असल्याने तार दर आठवड्याला पाहावी आणि रुतण्याआधी, उलगडत न बसता, तुकडे करून काढावी. मोठ्या जखमा या वेलीत सावकाश भरतात आणि उघडे लाकूड लवकर कुजून कूज खोडात उतरते. म्हणून जाड फांदी काढताना प्रथम छोटा खुंटा ठेवावा, तो वाळल्यावर स्वच्छ काप घ्यावा आणि त्यावर जखमेचा लेप लावावा.

कोवळ्या शेंड्यांवर मावा आणि काड्यांवर खवले कीड येते. सुरुवातीलाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने किंवा ओल्या ब्रशने ती हटते. कडाक्याच्या थंडीत वेल तग धरते, परंतु कुंडीतील मुळे जमिनीतल्या मुळांइतकी सुरक्षित नसतात, म्हणून माती गोठून दगड होण्याची शक्यता असेल तर कुंडी न तापवलेल्या आडोशाला ठेवावी, उबदार खोलीत आणू नये. डोळे फुगल्यावर पडणारे गोठलेले दहिवर फुलांना सर्वाधिक घातक ठरते, अशा रात्रीपुरते झाड छपराखाली घ्यावे.

शेंगा आणि बिया विषारी आहेत. थोड्या बिया खाल्ल्यानेही उलट्या आणि पोटदुखी होते, त्यामुळे लहान मुले किंवा पाळीव जनावरे असलेल्या जागी एकही शेंग झाडावर ठेवू नये. खोड जाड करण्यासाठी वेल काही वर्षे जमिनीत लावणार असाल तर तिचे मुनवे (बुडापासून निघणारे फुटवे) वेळोवेळी तोडावेत. अमेरिकेच्या पूर्व भागात चिनी आणि जपानी दोन्ही जाती जंगलात पसरून उपद्रवी ठरल्या आहेत.

ज्यांच्याकडे बियांपासून वाढलेले, न फुलणारे पण सुरेख जाड खोड आहे त्यांनी ते फेकून देऊ नये. विश्रांती संपत आली असताना, डोळे हलण्यापूर्वी, फुलणाऱ्या वेलीची दोन-तीन डोळ्यांची काडी आणून अशा खोडावर पाचर कलम (काडीचे टोक पाचरीसारखे तासून खोडाच्या चिरेत बसवणे) करता येते. जोड शक्य तितका खाली किंवा पुढून न दिसणाऱ्या बाजूला घ्यावा, कलम धरल्यावर मूळ खोडाच्या फुटी टप्प्याटप्प्याने कमी कराव्यात आणि पहिल्या वर्षी कलमावर फुले आलीच तर ती उमलण्याआधी खुडून टाकावीत.