कॉस्मिक रे आणि वीज: या फील्डमध्ये यायचं असेल तर

एमएस्सी फिजिक्सची पोरं विचारतात, कॉस्मिक रेमुळे (अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांमुळे) वीज पडते का, त्यावरच पीएचडी करायचीये. तर हे अजून सिद्ध झालेलं नाही, म्हणूनच काम शिल्लक आहे.

भानगड अशी की समुद्रसपाटीच्या हवेत ठिणगी पडायला मीटरला साधारण 30 लाख व्होल्ट लागतात आणि ढगात फुगे सोडून मोजलं तर त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच सापडतं, मग वीज सुरू होते कशी? 1992 मध्ये रशियन भौतिकशास्त्रज्ञ गुरेविच आणि मंडळींनी मांडलं की कॉस्मिक रेच्या शॉवरमधले (ते हवेवर आदळून होणाऱ्या कणांच्या वर्षावातले) वेगवान इलेक्ट्रॉन कमी इलेक्ट्रिक फील्डमध्येही सुसाट सुटतात आणि वाटेत आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करत जातात. दुसरा गट म्हणतो, बर्फाच्या कणांच्या टोकांशी फील्ड वाढतं, तेवढं पुरतं. मला वाटतं दोन्हीचा हात असणार, पण हे गाइडसमोर बोलू नका, लगेच आकडे मागतात.

आपल्याकडे यासाठी बघायचं ते उटीचं ग्रेप्स-3, म्हणजे टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) कॉस्मिक रेचा प्रयोग. तिथे 560 चौरस मीटरचा म्युऑन टेलिस्कोप आहे, म्हणजे शॉवरमधून जमिनीपर्यंत पोचणारे म्युऑन नावाचे कण मोजणारा डिटेक्टर. 1 डिसेंबर 2014 च्या वादळात म्युऑन जेमतेम 2 टक्के घटले आणि त्यावरून ढगात 1.3 अब्ज व्होल्ट निघाले, पेपर आला 2019 मध्ये. एवढं व्होल्टेज असू शकतं असं स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ सी.टी.आर. विल्सननी 1920 च्या दशकातच म्हटलेलं! पण यात कॉस्मिक रेने वीज पाडलेली नाही हं, ढगाचं व्होल्टेज मोजायला म्युऑन वापरलेत. इंटरव्ह्यूमध्ये हे दोन एकत्र केलेत की संपलं.

आता रोजचं काम सांगतो. हवेचा दाब बदलला तरी म्युऑनचा काउंट हलतो, त्यामुळे ते 2 टक्के खरंच ढगामुळे आहेत हे दाखवायला आधी दाबाचं करेक्शन, मग डिटेक्टरची एफिशिअन्सी, मग फील्ड मिलचा (जमिनीवरचं इलेक्ट्रिक फील्ड मोजणाऱ्या यंत्राचा) डेटा वेळेशी जुळवणं, यातच महिने जातात, आणि ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने थिअरीकडेच जावं. लिनक्स, सी प्लस प्लस, रूट (डेटा तपासायचं सॉफ्टवेअर) आत्ताच शिका, शॉवरच्या सिम्युलेशनसाठी कॉर्सिका हा प्रोग्रॅम नंतर येतंच. प्रवेशासाठी टीआयएफआरची जीएस (ग्रॅज्युएट स्कूल) परीक्षा. आणि कणांपेक्षा ढगांचंच वेड असेल तर पुण्याचं आयआयटीएम (उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची संस्था) बघा, विजा कुठे पडतात ते टिपणारं नेटवर्क आणि विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप त्यांचंच आहे.