वाय-फायचे कुलूप आणि पावसाळ्यातला लॅपटॉप

घोडबंदर रोडवरील किंवा खारघरमधील एखाद्या टॉवरमध्ये लॅपटॉप उघडून वाय-फायची यादी पाहिली, तर पंधरा-वीस नावे सहज दिसतात आणि त्यांतील काहींत आडनावाबरोबर फ्लॅटचा क्रमांकही असतो. ज्या अर्थी शेजाऱ्यांचे नेटवर्क आपल्याला दिसते, त्या अर्थी आपलेही त्यांना, जिन्यात उभ्या असलेल्याला आणि खाली पार्किंगमध्ये बसलेल्यालाही दिसू शकते. त्यामुळे लॅपटॉपच्या सुरक्षिततेची सुरुवात राउटरपासून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

राउटरला दोन पासवर्ड असतात आणि बहुतेक घरांत त्यांतला एकच ठाऊक असतो. एक वाय-फायला जोडण्यासाठी. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्यासाठी. हा दुसरा पासवर्ड बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर छापलेला असतो आणि जुन्या राउटरवर तो नुसता ‘ॲडमिन’ असा असू शकतो. लेबलवरचाच पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये टाकून आत जावे आणि प्रथम हा पासवर्ड बदलावा. त्यानंतर वाय-फायचा पासवर्ड बदलावा. जोडणी करायला आलेल्या माणसाने सोयीसाठी घरातल्याच कोणाचा मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवला असेल, तर तो सोसायटीच्या रजिस्टरमध्येही लिहिलेला असतो, हे विसरू नये. तीन-चार असंबद्ध मराठी शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षात राहतो आणि ओळखायला अवघड जातो.

त्याच पानावर सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-३ निवडावा. जुनी उपकरणे त्याला जुळत नसतील तर डब्ल्यूपीए-२ चालेल. डब्ल्यूईपी हा प्रकार कच्चा असल्याचे २००१ मध्येच सिद्ध झाले आहे, तेव्हा राउटरवर तेवढाच पर्याय असेल तर राउटरच बदलावा. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा छोट्या पिनने वाय-फायला जोडण्याची सोय, बंद ठेवावे, फर्मवेअर (राउटरमधले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे आणि पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क द्यावे. नेटवर्कचे नाव लपवण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने फारसे काही साधत नाही, मात्र नावातून आडनाव आणि फ्लॅटचा क्रमांक जरूर काढावा.

ठाणे किंवा वाशी स्टेशनवर गाडीची वाट पाहताना खुल्या वाय-फायला जोडण्याचा मोह होतो. नेटवर्कला कोणीही कोणतेही नाव देऊ शकतो, त्यामुळे ओळखीचे नाव दिसले म्हणजे नेटवर्क खरेच आहे असे होत नाही. लॅपटॉपमधील आपोआप जोडले जाण्याची सोय बंद ठेवावी आणि विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘पब्लिक’ नेटवर्क निवडावे. बँकेचे काम स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करणे केव्हाही बरे. ब्राउझरने संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राविषयी इशारा दिला, तर घाई असली तरी पुढे जाऊ नये. एवढे करूनही खात्यातून पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि बँकेला कळवावे.

लोकलच्या गर्दीत लॅपटॉप हरवू शकतो, म्हणून डिस्क एन्क्रिप्ट करावी, म्हणजे तिच्यातली माहिती पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद करावी. विंडोजमध्ये त्यासाठी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन असते. त्याची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप अडकल्यास उघडण्याचा लांब क्रमांक, लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नये.

पावसाळ्यात बॅगेला रेनकव्हर असले तरी लॅपटॉप वेगळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. तो भिजलाच, तर चार्जर लावलेला असल्यास आधी भिंतीवरचा स्विच बंद करावा, मग पॉवरचे बटण स्क्रीन पूर्ण मावळेपर्यंत दाबून धरावे आणि ‘चालतो का’ हे पाहण्यासाठी तो पुन्हा सुरू करू नये, कारण ओलाव्यातून वीज वाहिली की सर्किट जळते. तांदळात पुरून ठेवल्याने आतले पाणी निघत नाही; तो दुरुस्ती केंद्रातच उघडून घ्यावा. गादीवर ठेवून काम केल्यास खालच्या हवेच्या जाळ्या बंद होतात, म्हणून खाली पाट किंवा लाकडी फळी घ्यावी. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटू लागला किंवा झाकण नीट मिटेनासे झाले, तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी चार्जिंग तत्काळ थांबवावे, बॅटरी दाबू वा टोचू नये आणि ती कचऱ्याच्या डब्यात न टाकता दुरुस्ती केंद्राकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे सोपवावी.